टीएमसी : एका अकरा अंकी संख्येची ओळख

घाटमाथ्यावर पाऊस लागला की बारामती-इंदापुरात आकड्यांची भाषा बदलते. एरवी गुंठे, टन आणि क्विंटलमध्ये बोलणारी माणसे क्युसेक आणि टीएमसीवर येतात. दौंडला भीमा किती क्युसेकने चालली आहे, वीर धरणातून नीरेत किती सोडले, भाटघर किती टक्के झाले, आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे उजनी ‘प्लसमध्ये’ आली का. भिगवण-पळसदेवच्या पट्ट्यातला शेतकरी हे विचारतो तेव्हा त्याला उत्तर टीएमसीतच हवे असते. पाणी चढायला लागले की काठावरची मोटार आणि पाइप कधी मागे घ्यायचे, हे त्याला त्या आकड्यावरूनच ठरवायचे असते.

टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट. वर्तमानपत्रे ‘अब्ज घनफूट’ असेही छापतात. एकावर नऊ शून्ये. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानांच्या यादीत अब्जाचे स्थान दहावे येते. संख्या मोठी आहे, पण इतकी गुळगुळीत की तिच्यात हाताला काही लागत नाही. तेच पाणी लिटरमध्ये मोजले तर मात्र चित्र पालटते.

एक टीएमसी म्हणजे २८,३१,६८,४६,५९२ लिटर. दोन हजार आठशे एकतीस कोटी, अडुसष्ट लाख, शेहेचाळीस हजार, पाचशे ब्याण्णव. हा अंदाज नाही, नेमका आकडा आहे. दशांशचिन्हापुढे एकही अंक नाही. ही अकरा अंकी संख्या आतून कशी आहे, तिला कशाकशाने भाग जातो आणि का, हा पुढच्या पानांचा विषय आहे.

लिटरमध्ये पूर्ण संख्या येते याचे कारण सोपे आहे. अब्ज घनफूट म्हणजे हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट उंच असा हौद. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, म्हणून हौदाची बाजू ३०४.८ मीटर. लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा. हौदाच्या एका कडेला असे ३,०४८ ठोकळे बसतात, ना एक कमी ना एक जास्त. लांबीत ३,०४८, रुंदीत ३,०४८, उंचीत ३,०४८. म्हणजे आपली संख्या ३०४८चा घन आहे. शेवटी २ का आला हेही लगेच उलगडते: आठाच्या घनाच्या शेवटी दोनच येतात.

आता थोडे विचित्र वाटेल असे विधान. ही पूर्ण संख्या नीरा डाव्या कालव्याहून वयाने लहान आहे. ३०४८चा घन अर्थातच जगाच्या आरंभापासून तोच आहे, पण त्याची आणि अब्ज घनफुटांची गाठ पडली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर, दोन निर्णयांमुळे. त्याआधी अमेरिकेचा इंच २५.४ मिलिमीटरपेक्षा केसभर मोठा होता आणि ब्रिटनचा केसभर लहान. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून इंच नेमका २५.४ मिलिमीटरचा ठरवला. दुसरा निर्णय लिटरचा. १९०१ पासून लिटर म्हणजे एक किलो शुद्ध पाण्याने व्यापलेली जागा, अशी व्याख्या होती. पुढे मापे काटेकोर झाली तेव्हा ही जागा दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्यापेक्षा दहा लाखांत अठ्ठावीस भागांनी जास्त निघाली. बाटलीभर पाण्यात हा फरक कुणाला कळणार नाही. एका टीएमसीत तो सुमारे आठ लाख लिटरचा होतो, म्हणजे दहा हजार लिटरचे ऐंशीच्या आसपास टँकर. १९६४ मध्ये वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जुनी व्याख्या रद्द करून लिटरला पुन्हा ठोकळ्यावर आणले, आणि टीएमसीचे सगळे अपूर्णांक गळून पडले.

गंमत अशी की तोवर भारतात फुटाची सद्दी संपत आली होती. वजने-मापांचा कायदा १९५६ चा, दशमान नाणी १९५७ ची. सरकारी तक्त्यांत दशलक्ष घनमीटर, म्हणजे ‘दलघमी’, आले आणि ते आजही आहेत. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. तरी चावडीवर, बातमीत आणि न्यायालयात टीएमसीच टिकला. कृष्णा खोऱ्याचे पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादाने १९७०च्या दशकात २,०६० टीएमसीची वाटणी केली आणि त्यातले ५६० महाराष्ट्राच्या वाट्याला आले. भीमा-नीरेचे पाणी याच हिशोबात मोडते. ज्या एककात भांडण झाले आणि निवाडा लागला, ते एकक सहजी कोण सोडेल?

पण मुद्दा संख्येचा आहे. मोठी संख्या समोर आली की गणिती माणूस पहिल्यांदा तिचे मूळ अवयव काढतो. ३०४८ म्हणजे ८ गुणिले ३ गुणिले १२७. घन केल्यावर २ हा अवयव नऊ वेळा येतो, ३ तीन वेळा आणि १२७ तीन वेळा. चौथा अवयव नाहीच. अब्ज घनफुटात काय होते? २ नऊ वेळा आणि ५ नऊ वेळा. दोन्ही रूपे शेजारी ठेवून पाहावीत. दोनाचे नऊही नग जसेच्या तसे राहिले, पाच मात्र समूळ गेला आणि त्याच्या जागी ३ आणि १२७ येऊन बसले. तीन आला तो फुटाच्या बारा इंचांतून. १२७ आला तो २५.४ मधून, कारण २५४ म्हणजे दोन वेळा १२७. पाच गेल्याचा परिणाम असा की एक टीएमसी पाच तालुक्यांना पूर्ण लिटरमध्ये सारखा वाटता येत नाही, दोन लिटर उरतात. घनफुटांत मात्र तो पाच जणांत बिनबोभाट वाटला जातो. एकूण विभाजक मोजले तर घनफुटांच्या संख्येला १००, लिटरच्या संख्येला १६०. पाणी तेच, वाटण्याच्या सोयी वेगळ्या.

१२७ हा पाहुणा साधा नाही. तो दोनाच्या सातव्या घातातून एक वजा केल्यावर मिळतो. अशा रूपाच्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचे नाव आहे. ३, ७, ३१ आणि १२७ या त्यांतल्या पहिल्या चार. यातल्या प्रत्येकीतून एक ‘परिपूर्ण’ संख्या तयार होते, म्हणजे अशी की तिचे स्वतःखेरीज सर्व विभाजक मिळवले की तीच परत यावी. १, २ आणि ३ मिळून ६ होतात, तसे. १२७ला ६४ने गुणले की ८,१२८ येतात, आणि ही ६, २८, ४९६ नंतरची चौथी परिपूर्ण संख्या. आपल्या टीएमसीत दोन नऊ वेळा आहे, म्हणजे ६४ सहज निघतो, आणि १२७ तर आहेच. म्हणून टीएमसीला ८,१२८ने नि:शेष भाग जातो आणि भागाकार येतो ३४,८३,८६४. प्राचीन ग्रीकांना ठाऊक असलेली ही संख्या उजनीच्या पाण्यात सापडते ती इंचाच्या व्याख्येमुळे. कुणी ती मुद्दाम तिथे ठेवलेली नाही.

याच १२७च्या आधाराने एक विक्रमही झालेला आहे. दोनाच्या १२७व्या घातातून एक वजा केल्यास ३९ अंकी संख्या मिळते. ती मूळ आहे हे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये कागद-पेन्सिलीवर सिद्ध केले. हाताने शोधलेली याहून मोठी मूळ संख्या आजवर नाही. यंत्रांनी ती मर्यादा केव्हाच ओलांडली. २०२४ मध्ये सापडलेली याच जातीची मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे.

क्युसेककडे वळले की तीन या अवयवाचे महत्त्व कळते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एका क्युसेकने एक टीएमसी वाहायला एक अब्ज सेकंद लागतील, म्हणजे एकतीस वर्षे आणि आठेक महिने. हेच पाणी एका दिवसात जायचे तर किती क्युसेक हवेत? एक अब्जाला ८६,४००ने भागायचे. उत्तर ११,५७४.०७४०७४०७४… पाटबंधाऱ्यांशी संबंध असलेल्या माणसांच्या तोंडी ११,५७४ हा आकडा असतो. पुढचा ०७४ मात्र अनंतापर्यंत आवर्तत राहतो. (कालव्याच्या पाळीलाही ‘आवर्तन’च म्हणतात. ते मात्र वेळेवर येईल याची खात्री नसते.) हा भागाकार संपत नाही, कारण दिवसाच्या सेकंदांत ३ तीन वेळा आहे: चोवीस तासांत एक, साठ मिनिटांत एक, साठ सेकंदांत एक. आणि अब्ज घनफुटांत ३ मुळीच नाही.

लिटरमध्ये हाच हिशोब करून पाहावा. २८,३१,६८,४६,५९२ भागिले ८६,४०० म्हणजे सेकंदाला ३,२७,७४१.२८ लिटर. येथे संपले. लांबी, रुंदी आणि उंचीच्या फुटांतून आलेले तीन ‘तीन’ तास, मिनिट आणि सेकंदांतल्या तीन ‘तीन’ना नेमके पुरून उरले नाहीत, पुरे पडले. मापांच्या दोन अगदी निराळ्या परंपरा, एक इंच-फुटांची आणि एक साठ-साठच्या घड्याळाची, कालव्याच्या दारावर अशा एकमेकींना छेदतात.

इथवर पाहिले ते संख्येच्या पोटातले गुण. ती दशमानात लिहा की दोनमानात, १२७ तिला भागणारच. दुसऱ्या प्रकारचे गुण असतात लिखाणाचे, म्हणजे अंकांचे. त्या प्रांतात महाराष्ट्राचा स्वतःचा राजा होऊन गेला: दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्याला, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्यानंतर १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. अंकांशी खेळणे हा करमणुकीचा विषय समजून अनेकांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि जगभर त्यांचे नाव झाले. १९८६ मध्ये ते वारले.

कापरेकरांच्या कसोट्या आपल्या संख्येला लावून पाहण्यासारख्या आहेत. पहिली ‘हर्षद’ची. संख्येच्या अंकांची बेरीज करायची आणि त्या बेरजेने संख्येला भाग जातो का ते पाहायचे. २, ८, ३, १, ६, ८, ४, ६, ५, ९, २ यांची बेरीज ५४. टीएमसीला ५४ने भागले तर ५२,४३,८६,०४८ येतात, बाकी शून्य. टीएमसी हर्षद आहे! यात फार हुरळून जाण्यासारखे नाही हेही खरे, कारण पहिल्या शंभर संख्यांत तेहतीस हर्षद आहेत. पण पुढे पुढे त्या विरळ होत जातात, इतक्या की एकूण संख्यांत त्यांचे प्रमाण शून्याकडे जाते, हे कूपर आणि केनेडी या अमेरिकी गणितींनी सिद्ध केले आहे. सलग वीसपेक्षा जास्त हर्षद संख्या कधीच येत नाहीत, हेही त्यांचेच. तेव्हा अकरा अंकी संख्या हर्षद निघाली तर क्षणभर हर्ष व्हायला हरकत नाही.

दुसरी कसोटी ‘स्वयंभू’ संख्येची. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २४चा जनक २१. ज्या संख्येला असा जनकच सापडत नाही ती स्वयंभू. टीएमसी स्वयंभू आहे का? येथे थोडी मेहनत आहे. संख्येला ९ने भाग जातो, म्हणून जनकाच्या अंकांची बेरीजही नऊच्या पाढ्यातली असली पाहिजे. ९, १८, २७ असे करत एकेक वजा करून तपासत जायचे. ५४ला येऊन पोचले की काम होते: २८,३१,६८,४६,५३८. हिच्या अंकांची बेरीज ५४, आणि ५४ मिळवले की आपली संख्या. पुढे ९९पर्यंत तपासले तरी दुसरा जनक मिळत नाही. टीएमसी स्वयंभू नाही, तिला जनक आहे आणि तो एकच आहे.

स्वयंभू संख्या हवीच असेल तर ती बारामतीतच आहे, आणि कवितेच्या दारातून आलेली आहे. मोरोपंत पराडकर बारामतीच्या बाबूजी नाईकांकडे पुराणिक म्हणून राहिले आणि आयुष्यभर येथेच लिहीत राहिले. त्यांनी १०८ रामायणे रचल्याचे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सांगितले जाते. एकात ओष्ठ्य वर्ण म्हणून येऊ द्यायचा नाही, दुसऱ्यात आणखी काही बंधन, असे अक्षरांचे हिशोब त्यांनी मांडले. हा १०८ कापरेकरांच्या कसोटीवर स्वयंभू आहे: त्याला जनक नाही. तो हर्षदही आहे, कारण अंकांची बेरीज ९ आणि भागाकार १२. आणि त्याचे अवयव लिहिले तर एक एकदा, दोन दोनदा, तीन तीनदा असा सुरेख चढता जिना दिसतो: १ × २ × २ × ३ × ३ × ३. टीएमसीच्या अंकांची बेरीज ५४ ही १०८च्या निम्मी आहे. यातून काहीही अर्थ काढू नये. दर दहा-वीस आकड्यांत असे काही जुळतेच, आणि जुळले की पंचांग उघडण्याचा मोह आवरायचा असतो.

मोह आवरत नाही तो पुढच्या आकड्याला. मोरोपंतांचा जन्म १७२९चा. गणिताच्या वाचकाला हे साल वेगळ्याच कारणाने पाठ असते. इंग्लंडमध्ये आजारी रामानुजनना भेटायला गेलेल्या हार्डींच्या टॅक्सीचा क्रमांक तोच. दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या: १ आणि १२ यांचे घन, किंवा ९ आणि १० यांचे. ती कापरेकरांची हर्षदही आहे हे त्या मानाने कमी सांगितले जाते. अंकांची बेरीज १९, भागाकार ९१. म्हणजे १७२९ ही १९ आणि त्याच्याच उलट्या ९१चा गुणाकार.

या प्रकारच्या गमतींवर सर्वांत कडक टीका हार्डींनीच केलेली आहे, हे येथे लपवून चालणार नाही. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण घेतले. चार अंकी संख्यांत आपल्या उलट्या संख्येच्या पटीत असणाऱ्या एवढ्या दोनच: ८७१२ म्हणजे २१७८ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ची नऊपट. अशी कोडी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात शोभतील, गणितीला त्यांत रस वाटण्यासारखे काही नाही, असे त्यांचे मत. दशमानाऐवजी दुसऱ्या पद्धतीत लिहिले की हे गुण विरून जातात, ही त्या मतामागची खरी अडचण.

मत मान्य आहे, पण १०८९ जरा थांबवून पाहिला पाहिजे. इंदापूरच्या सातबाऱ्यावर तो रोज वावरतो. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तुकडा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फुटांचा एकर. शाळेतल्या मुलांना चकित करायचे तर पहिला आणि शेवटचा अंक वेगळा असलेली तीन अंकी संख्या घ्यायला सांगावे, समजा ७३२. उलटी करून मोठीतून लहान वजा: ७३२ वजा २३७ म्हणजे ४९५. आता ४९५ मध्ये ५९४ मिळवा. १०८९. कोणतीही संख्या घेतली तरी हेच (वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ अशी लिहायची). मुलांच्या तोंडून ‘एक गुंठा!’ असे ऐकू येते ते फक्त आपल्याकडे.

या खेळाचा थोरला भाऊ कापरेकरांचा ६१७४. चार अंक, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि तेथून हलत नाही. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. आपल्या हौदाची बाजू, ३०४८, या घाण्यात घालून पाहू. ८४३० वजा ०३४८ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीन फेऱ्या.

उजनीकडे परत आल्याशिवाय हे निवेदन पुरे होत नाही, कारण संख्यांच्या बाबतीत हे धरण इतरांहून वेगळे वागते. माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ भीमेवर ते उभे आहे आणि त्याचे पाणी मागे इंदापूर, करमाळा, दौंडपर्यंत पसरते. एकूण साठा ११७.२३ टीएमसी. त्यातला ६३.६६ मृतसाठा आणि ५३.५७ उपयुक्त. टक्केवारी उपयुक्त साठ्याची काढतात, म्हणून शून्य हे तळाशी नाही, मृतसाठ्याच्या माथ्यावर आहे. पाणी त्याखाली गेले की उजनी ‘मायनसमध्ये’. ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण म्हणजे कर्ज अशा भाषेत सांगितले. इंदापूरच्या पोराला ते पाण्यात दिसतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. ऐकणाऱ्याला वाटते आता तळ दिसला असेल. हिशोब केला तर उणे साठला धरणात साडेएकतीस टीएमसी पाणी असते. पुण्याच्या खडकवासला साखळीतील चारही धरणे काठोकाठ भरली तरी २९.१५ टीएमसी होतात. उजनी खरोखर कोरडी पडायची तर टक्केवारी उणे ११८.८पर्यंत जावी लागेल. शून्य कुठे ठेवायचे हे माणूस ठरवतो, आणि एकदा ठरवले की त्यावरून आंदोलने होतात. अर्थात मृतसाठ्यातले पाणी नेहमीच्या वापरासाठी धरलेले नसते. त्यामुळे उणे चिन्हाला निव्वळ कागदी म्हणून सोडून देता येत नाही.

एक सावधगिरी येथेच नोंदवलेली बरी. ५३.५७ या आकड्यातला शेवटचा ७ ज्या घरात आहे त्या घराचे मोल ०.०१ टीएमसी, म्हणजे २८ कोटी ३१ लाख लिटर. धरणावर मोजतात ती पाण्याची पातळी. साठा तिच्यावरून तक्त्यात पाहिला जातो, आणि तक्ता बनवल्यानंतर गाळ साचत राहतो, ऊन पाणी उडवत राहते. शेवटचे ५९२ लिटर भीमेत कुठेच सापडणार नाहीत. अकरा अंकांचा नेमकेपणा व्याख्येचा आहे, पाण्याचा नाही. पुढच्या पानांत अवयव, बाक्या आणि अंकांचे खेळ येतील ते व्याख्येच्या बाजूने, आणि जेथे हिशोब प्रत्यक्ष पाण्याचा आहे तेथे दोन दशांशांपलीकडे गेलेले नाही.

वाचकाला आठवीपर्यंतचे गणित पुरेल. दुकानातला बारा अंकी कॅल्क्युलेटर चालेल, आठ अंकी उपयोगाचा नाही, कारण तो ३०४८च्या घनापुढे हात टेकतो. सुरुवात बाक्यांपासून होते. एक टीएमसी आठवड्याच्या सात दिवसांत पूर्ण लिटरमध्ये सारखा वाटला तर सहा लिटर उरतात, अकरा गावांत वाटला तर एक लिटर. दोन टीएमसी अकरा गावांत वाटले तर दोन, तीन वाटले तर तीन. पहिल्या प्रकरणातला पहिला प्रश्न असा आहे की अकरा अंकी भागाकार न करता, नुसत्या ३०४८कडे पाहून, हे कसे सांगता येईल.